हातचे कसब आणि पात्रतेचा दाखला

बेळगाव शहरातून खानापूर रस्त्याने बाहेर पडले म्हणजे उद्यमबाग लागते. ओतशाळा, लेथ आणि ग्राइंडिंगची यंत्रे, हायड्रॉलिक पंप व व्हॉल्व्ह बनविणारे कारखाने यांची येथे दाटी आहे. येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी आणि खानापूर तालुक्यातील खेड्यांतून तरुण येथे कामाला येतात. त्यांतील पुष्कळांचे शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत झालेले असते. पुढचे सारे यंत्रासमोर उभे राहून होते. पंधरा-वीस वर्षांत असा कारागीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब सांभाळू लागतो आणि हाताखालच्या मुलांना शिकवू लागतो. परंतु तोच सरकारी खात्यात, मोठ्या कारखान्यात अथवा परदेशी नोकरीसाठी अर्ज भरू लागला की पात्रतेच्या रकान्यापाशी त्याची लेखणी अडते.

ही अडचण नवी नाही. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवीत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा दुसऱ्याला देण्यात आली आणि लक्ष्मणराव बेळगावला परतले. येथे १८८८ मध्येच सायकलींचे दुकान सुरू झाले होते; पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचे काम वाढले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी डावलले जाण्याला कारखाना काढून उत्तर दिले खरे. परंतु प्रत्येक कुशल कामगाराने कारखानदार व्हावे, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नव्हे.

कारागीर आणि अभियंता यांच्यामध्ये एक पायरी आहे. जगात तिला इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे तंत्रविद, असे म्हणतात. ठरलेल्या पद्धतीने यंत्र चालविणे, त्याची देखभाल व दुरुस्ती करणे हे तंत्रज्ञाचे काम होय. तंत्रविद प्रस्थापित शास्त्र वापरून ती पद्धत स्वतः बसवितो. ओतकामात छिद्रे का पडली, याचा शोध घेऊन तो साच्याची रचना बदलतो व त्या बदलाखाली आपली सही करतो. सही करावयाची म्हणजे जबाबदारी आली, आणि म्हणून प्रमाणपत्र आले. या तीन पायऱ्यांच्या शिक्षणासाठी तीन आंतरराष्ट्रीय करार आहेत: अभियंत्यांचा वॉशिंग्टन करार १९८९ चा, तंत्रविदांचा सिडनी करार २००१ चा आणि तंत्रज्ञांचा डब्लिन करार २००२ चा. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९५७ पासून तंत्रविदांना प्रमाणित करणारी संघटना आहे. तेथे उमेदवाराचे शिक्षण तपासतात, किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि व्यवसायातील कायदा व नीती यांवर परीक्षा घेतात. नुसते हाताचे काम चांगले असून तेथे भागत नाही.

आपल्याकडे वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी १९७२ चा कायदा आहे. तंत्रविदांसाठी तसा कायदा नाही. त्यामुळे येथे ही पायरी शिक्षणाच्या वाटेनेच चढावी लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा टर्नर किंवा फिटरचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकाधारकास सामाईक परीक्षेद्वारे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. १९७९ पासून उद्यमबागेतच गोगटे तंत्रशास्त्र महाविद्यालय आहे. कारखान्याचे फाटक आणि महाविद्यालयाचे फाटक यांत अंतर थोडे आहे; ते ओलांडण्यास मात्र कामगाराला वर्षे लागतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्ग चालविण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून संस्थांना परवानगी देऊ केली आहे. असा वर्ग जवळ कोठे चालतो, याची चौकशी अर्जाच्या हंगामाआधीच करावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए. एम. आय. ई. परीक्षा हा अनेक वर्षे नोकरदारांचा मोठा आधार होता. पदवीशी तिची समकक्षता केंद्र सरकारने ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरतीच ठेवली. जुन्या सहकाऱ्याला तिचा लाभ झाला म्हणून नव्याने शुल्क भरणाऱ्याने ही तारीख ध्यानी घ्यावी. टपालाने अभियांत्रिकीची पदवी देण्याच्या प्रकारालाही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अटकाव केला. 'घरबसल्या इंजिनिअर व्हा' अशी जाहिरात दिसल्यास पैसे भरण्यापूर्वी परिषदेची मान्यता पाहावी.

शिक्षकांच्या हाती यातील मोठा भाग आहे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा तंत्रनिकेतनात अडतो तो इंग्रजी शब्दांपाशी, आणि त्याहून अधिक आराखडा वाचण्यापाशी. वस्तूचे वरून, समोरून व बाजूने दिसणारे रूप कागदावर उतरविण्याचा सराव आठवी-नववीत मिळाला तर पुढची वाट बरीच सोपी होते. लक्ष्मणराव शिकवीत तो विषय हाच होता.

कारखानदारांकडून लागणारी गोष्ट याहून लहान आहे, आणि तीच बहुधा मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरून कामगार कोठे व केव्हापासून होता एवढे कळते. त्याने काय काम केले हे त्यात नसते. कामगाराने नोकरी सोडल्यावर वा कारखाना बंद पडल्यावर ते सांगणारा कोणी उरत नाही. म्हणून अनुभवाचा दाखला दरवर्षी घ्यावा. त्यात यंत्राचे नाव, कामाचे स्वरूप, सांभाळलेले माप, हाताखालील माणसांची संख्या, आरंभाची व अखेरची तारीख आणि सही करणाराचे पद असावे. 'काम समाधानकारक आहे' एवढ्या एका ओळीच्या दाखल्यावरून कोणत्याही मंडळास पात्रता ठरविता येत नाही.