तिकीट कोण देतं? अकोले ते डेट्रॉइट

मी अकोल्याहून बोलतोय. विदर्भातलं अकोला नव्हे, भंडारदऱ्याचं अकोले.

डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांच्यात फरक काय, असे मेसेज येत असतात. मोघम सांगायचं तर गर्भपात, बंदुका, कर, सरकारी आरोग्यसेवा, या सगळ्यांवर दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. पण मला त्याहून भारी वाटतं ते तिकिटाचं गणित.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार घ्या. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून उतरले. तिथे आधी प्रायमरी होते, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारच मत देऊन निवडतात. ठाणेदार तिसरे आले, विषय संपला. २०२२ ला डेट्रॉइटच्या जागेवर प्रायमरी जिंकले आणि खासदार झाले. डेट्रॉइट डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, म्हणून खरी लढत प्रायमरीतच. अर्थात २०१८ ला त्यांनी स्वतःचा पैसाही चिक्कार ओतला होता, हे विसरू नका.

आता आपलं बघा. २०१९ ला वैभव पिचड राष्ट्रवादी सोडून भाजपकडून लढले, राष्ट्रवादीच्या किरण लहामटेंनी त्यांना पाडलं. २०२४ ला राष्ट्रवादीच दोन होत्या! लहामटे घड्याळावर, अमित भांगरे तुतारीवर, पिचड अपक्ष. लहामटे निवडून आले. पण या तिकिटांसाठी राजूर-कोतूळच्या कुणा मतदाराने मत दिलं होतं का? बटण दाबायची वेळ आली तेव्हा यादी तयारच होती.

मग झेडपीच्या तिकिटासाठी गटात असं मतदान घेतलं तर? पैसेवालाच जिंकेल की कामाचा माणूस? तुमच्या गटाचं नाव लिहून उत्तर पाठवा.