ऑइल फिल्टर बसवताना

प्रकाशा गावी तापी-गोमाईच्या संगमावर केदारेश्वराचं दर्शन घेऊन परत येता, तर मोटारसायकलखाली काळा डाग! ऑइल फिल्टर नुकताच बदलला असेल, तर झाकणाखालची रबरी रिंग आधी पाहा. जुनी रिंग कधीकधी खाचेतच चिकटून राहते; तिच्यावर नवी बसली की गळती ठरलेली. म्हणून खाच स्वच्छ पुसा, नव्या रिंगेला बोटानं ऑइल लावा, तिला पीळ पडू देऊ नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. जोर मात्र नको, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. जुनं ऑइल डब्यात साठवा, नदीकाठी ओतू नका. मग नवं ऑइल भरा, इंजिन 2 मिनिटं चालवून बंद करा, झाकणाच्या कडेनं कोरडा कागद फिरवा आणि गाडी सरळ उभी करून ऑइलची पातळी बघा.