पत्र्याखालचा उन्हाळा

(माउंट रॉस्किल येथील आपल्या बैठकीत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपुढे किरकोळ वाटेल: पत्र्याचं छत. आपल्यापैकी बरेचजण इन्सुलेशन केलेल्या पक्क्या घरांत राहतात. पण ऑकलंडमध्ये कितीतरी घरांच्या बॅकयार्डमध्ये केबिन, कॅरॅव्हॅन, चाकांवरची छोटी घरं उभी असतात. त्यांत विद्यार्थी राहतात, नव्याने आलेली जोडपी राहतात, कधी भारतातून आलेले आईवडील राहतात. आणि महाराष्ट्रात तर लाखो माणसांचं आयुष्य पत्र्याखाली जातं.

न्यूझीलंडमध्ये भाड्याच्या घरांसाठी २०१९ मध्ये 'हेल्दी होम्स' नियम आले. मुख्य खोली किमान १८ अंशांपर्यंत उबदार ठेवता आली पाहिजे, अशी त्यात अट आहे. खोली जास्तीत जास्त किती तापू द्यावी, याची मर्यादा मात्र नाही. थंडीचा विचार झाला, उन्हाळ्याचा राहून गेला.

आधी थोडं गणित करू. निरभ्र दुपारी, ऊन डोक्यावर असताना, एक चौरस मीटर छतावर साधारण एक किलोवॅट ऊर्जा पडते. दहा बाय दहा फुटांची खोली धरली तर छत सुमारे नऊ चौरस मीटर, म्हणजे नऊ किलोवॅट. जुना, गंजलेला पत्रा यातले सहा-सात किलोवॅट शोषून घेतो. म्हणजे डोक्यावर तीन-चार मोठे हीटर एकदम चालू. तोच पत्रा चांगल्या पांढऱ्या लेपाने रंगवला, तर शोषली जाणारी ऊर्जा दोन किलोवॅटच्या आसपास येते.

इथे एक शंका येते. नवा चकचकीत पत्रा तर ऊन परतवतो, मग तोही का भाजतो? कारण छताला दोन कामं करावी लागतात: ऊन परतवणं आणि शोषलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडून देणं. उघडा धातू पहिलं काम बऱ्यापैकी करतो, दुसऱ्यात नापास होतो. पांढरा रंग दोन्ही करतो. म्हणून चकाकी पाहून फसू नका.

पत्र्याचा आणखी एक गुण सामाजिक दृष्टीने महत्त्वाचा आहे. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. जितक्या झटकन तापतो, तितक्याच झटकन निवतो. सकाळी कामाला गेलेला माणूस संध्याकाळी परततो तेव्हा छत निवत आलेलं असतं. दुपारचे चार तास भोगतात त्या घरी बसून शिवणकाम करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बाया, लहान मुलं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे. हवामान खात्याचा थर्मामीटर सावलीत असतो, तो यांचं तापमान मोजत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत कठोरपणे उभा राहिला तो मराठवाड्यात. तिथली जुनी माळवदाची घरं आठवा: जाड दगडी भिंती, लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही जाड मातीचा थर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे गेला तरी आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि तीच माती, तेच दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसं गेली. वाचलेले पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये आले. दगडमातीची धास्ती अशी बसली की पुढेही अनेकांना हलका पत्राच बरा वाटला. ती भीती रास्त होती. पत्रा अंगावर पडला तरी माणूस सहसा वाचतो. पण जीव वाचवणाऱ्या त्या छताखाली दुपार कशी काढायची, हा प्रश्न उरलाच. 'जुनं ते सोनं' म्हणून माळवदाकडे परत जा, असं त्या माणसांना सांगायचा अधिकार आपल्याला नाही. पत्रा ठेवूनच घर गार करता आलं पाहिजे.

ते करता येतं. उपाय असे:

१. पांढरा लेप. चुना सर्वांत स्वस्त, पण पावसात धुऊन जातो आणि ओला चुना पत्र्याच्या जस्ताला खातो. म्हणून पत्र्यासाठी ॲक्रिलिकचा परावर्तक रंग बरा. तो काही वर्षं टिकतो. धुळीने त्याचा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्याआधी छत एकदा धुवावं.

२. छतावर सावली. पत्र्यापासून वीतभर अंतर सोडून शेडनेट किंवा बांबूची चटई बांधावी. मधून वारा खेळला पाहिजे. मांडवावर चढवलेला दोडक्याचा, भोपळ्याचा वेलही चालतो. पाचट मात्र नको, आगीचा धोका असतो.

३. पत्र्याखाली दुसरं छत. चकचकीत फॉइल असल्यास ते पत्र्याला चिकटवू नये. फॉइलला हवेची पोकळी लागते. चकचकीत बाजू खाली, पोकळीकडे ठेवावी, म्हणजे तिच्यावर धूळ बसत नाही.

४. झरोके. गरम हवा बाहेर जायला सर्वांत उंच जागी वाट, आणि गार हवा आत यायला सावलीच्या बाजूला, खाली वाट. दोन्ही हवेत, एकाने भागत नाही.

५. ओलं गोणपाट. कोरड्या हवेत हे उत्तम काम करतं, पण हिशेब करा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता जाते. आपल्या गंजक्या छताची सगळी उष्णता अशी काढायची, तर तासाला जवळजवळ दहा लिटर पाणी लागेल. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा उपाय सांगणं ही थट्टा होईल. मुंबईच्या दमट हवेत तर तो फारसा चालतही नाही.

एअर कंडिशनर या यादीत मुद्दामच नाही. तो खोलीतली उष्णता गल्लीत, म्हणजे शेजाऱ्याच्या दारात टाकतो. छत न सुधारता तो लावणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. आणि एक इशारा: छत ॲस्बेस्टॉसच्या सिमेंट पत्र्याचं असेल तर ते घासू नका, त्याला भोकं पाडू नका.

उपायांचा क्रम जागेप्रमाणे बदलतो. लातूर-धाराशिवकडे पांढरा लेप पहिला. ऑकलंडमध्ये हिवाळाही सांभाळायचा असतो आणि थंड रात्री उघड्या पत्र्याच्या आतल्या बाजूला दव साचून टपकतं. म्हणून इथल्या केबिनला आधी इन्सुलेशन आणि झरोके, ते दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतात. मग उन्हाळ्यापुरती सावली, आणि नंतर फिकट रंग.

हे प्रत्येकाने आपापल्या खिशातून करायचं काम आहे का? मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याची मोहीमही त्यात आली. तेलंगणाने २०२३ मध्ये गार छतांचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. छत हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, हे या दोघांनी मान्य केलं.

आपल्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. गावाकडे शाळेची खोली किंवा महिला मंडळाची शेड बांधायला आपण पैसे पाठवतो, तेव्हा पांढरा लेप, दुसरं छत आणि झरोके एस्टिमेटमध्येच धरायला सांगावं. नंतर पंखे पाठवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. दुसरं, आपल्या बॅकयार्डमध्ये कुणी भाड्याने राहत असेल, तर त्यांना विचारून जानेवारीत दहा दिवस दुपारी तीन वाजता दोन थर्मामीटर वाचावेत: एक बाहेर सावलीत, एक आत पलंगाच्या उंचीवर. दोन्ही आकडे लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत ते एकत्र मांडू आणि आपल्या लोकल बोर्डाकडे काय मागायचं, ते त्यावरून ठरवू.