बॅबूनांची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी करणें अवघड खरें. परंतु तेथें निदान दार ठोठावतां येतें, घरांत माणसें किती हें विचारतां येतें. अरण्यांतील वानरांस ना दार, ना पत्ता. शिवाय मोजणारा दिसतांच तीं पळ काढतात. मग अमुक रानांत इतकीं वानरें आहेत असें शास्त्रज्ञ कोणत्या आधारावर सांगतात? पश्चिम आफ्रिकेंतील गिनी बॅबूनाच्या उदाहरणानें हें कोडें चांगलें उलगडतें.

बॅबून भारतांत आढळत नाहीं. कुत्र्यासारखें लांब तोंड, चार पायांवर जमिनीवरून चालण्याची संवय आणि मोठाले कळप हीं त्याचीं लक्षणें. त्यांपैकीं तांबूस केसांचा गिनी बॅबून सेनेगल, गांबिया, गिनी, गिनी-बिसाऊ, पश्चिम माली व दक्षिण मॉरिटानिया या टापूंत राहतो. सेनेगलच्या आग्नेय भागांत निओकोलो-कोबा हें सुमारें ९,१३० चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान आहे. गांबिया नदी त्यांतून वाहते. बराचसा प्रदेश गवताळ माळांचा व विरळ झाडीचा; दाट अरण्य मुख्यतः नदीनाल्यांच्या कांठानें पट्ट्यासारखें पसरलेलें. तेथें सिमेंती या ठिकाणीं २००७ सालापासून जर्मन प्रायमेट सेंटर या संस्थेचें अभ्यासकेंद्र आहे.

मोजणीची रूढ रीत अशी. नकाशावर सरळ रेषा आंखावयाच्या, त्यांवरून हळूहळू चालावयाचें, आणि कळप दिसला कीं त्यांतील वानरें मोजून रेषेपासूनचें अंतर टिपावयाचें. जवळचे कळप बहुधा दिसतात, दूरचे झाडीआड राहतात. अंतर वाढतांना दिसणारे कळप कोणत्या प्रमाणांत घटतात हें पाहून न दिसलेल्यांचा अदमास करतां येतो. समजा, १०० किलोमीटर चाल झाली आणि दोन्ही बाजूंचा ५०-५० मीटरांचा पट्टा नजरेखालीं आला असें हिशोबांत ठरलें. क्षेत्र भरलें १० चौरस किलोमीटर. त्यांत २०० बॅबून दिसले, तर दर चौरस किलोमीटरास २० पडले. हा आंकडा ९,१३० नें गुणला कीं कागदावर १,८२,६०० बॅबून उभे राहतात.

घोटाळा नेमका येथेंच होतो. कोरड्या ऋतूंत पाणी कांहीं थोड्या ठिकाणींच उरतें, आणि बॅबूनांचा वावर त्याच्या आसपास वाढतो. रात्रीं बिबट्या-सिंहांच्या भीतीनें ते ज्या उंच झाडांवर झोंपतात, तींही बहुधा नदीकांठचींच. सोयीच्या म्हणून रेषा तेवढ्या कांठानें आंखल्या, तर ओसाड माळावरही तितकीच गर्दी आहे असें धरल्यासारखें होतें. म्हणून नदीकांठ, विरळ रान, माळ अशा प्रत्येक प्रकारांत रेषा टाकून प्रत्येकाचा हिशोब निराळा ठेवावा लागतो.

दुसरी अडचण बॅबूनांच्या समाजरचनेची. एक नर, त्याच्या कांहीं माद्या व पिलें मिळून एक कुटुंब. अशा कांहीं कुटुंबांची एक टोळी. टोळ्या मिळून एक मोठा जमाव. हे जमाव दिवसभरांत फुटतात आणि पुन्हां जुळतात. सकाळीं मोजलेली टोळी दुपारीं दुसऱ्या जमावांत आढळली, तर तींच वानरें दोनदां मोजलीं जातात. उलट, झुडुपांत चाळीस असून दहाच दिसलीं, तर आंकडा पाव हिश्शावर येतो.

यासाठीं इतर रीतींची जोड द्यावी लागते. झोंपण्याच्या झाडांजवळ पहांटेपूर्वीं बसून खालीं उतरणारीं वानरें एकामागून एक मोजतात. झाडांना बांधलेले स्वयंचलित कॅमेरे रात्रंदिवस छायाचित्रें टिपतात. विष्ठेंतील पेशींवरून एकेक प्राणी ओळखतां येतो; पहिल्या फेरींतील किती प्राणी दुसऱ्या फेरींत पुन्हां आढळले, यावरून एकंदर संख्येचा अंदाज निघतो.

हा सारा खटाटोप कशासाठीं? बॅबून मोठ्यानें ओरडतो, शेतांत शिरतो, सहज नजरेस पडतो. त्यामुळें तो विपुल आहे असा समज होतो. परंतु गिनी-बिसाऊंत मांसासाठीं त्याची शिकार होते, आणि रानें तोडून शेती वाढल्यानें त्याचा टापू आकसला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें त्यास संकटाच्या समीप आलेल्या जातींत गणलें आहे. जेथून तो नाहींसा झाला तेथील शून्यही नोंदलें पाहिजे. नाहींतर नकाशावर जुना टापू तसाच रंगविलेला राहतो. निओकोलो-कोबास १९८१ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. चोरटी शिकार व योजलेलें धरण यांमुळें २००७ सालीं तें संकटग्रस्त वारशांच्या यादींत गेलें, आणि २०२४ सालीं नवी दिल्लीच्या बैठकींत त्या यादींतून बाहेर आलें. असे निर्णय घेतांना वन्य प्राण्यांच्या गणतीकडे पाहावेंच लागतें.

म्हणूनच प्रामाणिक शास्त्रज्ञ एकच आंकडा सांगून थांबत नाहीं. इतक्यापासून इतक्यापर्यंत अशी मर्यादा देतो. मर्यादा रुंद असली म्हणजे ऐकणाराचें समाधान होत नाहीं. तथापि पुढच्या खेपेस संख्या खरोखर घटली कीं मोजण्यांतच फरक पडला, हें तिच्यावरूनच ठरवितां येतें. फुगलेल्या आंकड्यावर विसंबून रक्षणाचा पैसा दुसरीकडे वळला, तर चूक ध्यानांत येईपर्यंत नदीकांठचीं तीं उंच झाडें रिकामीं झालेलीं असतील.