पेशी, परीक्षा आणि माझी भाची

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. माझ्यासारख्यानं आकाशवाणीवर येऊन बायोकेमिस्ट्रीबद्दल बोलावं, हे जरा विचित्रच. पण वर्षभर या विषयानं आमच्या घरात असं ठाण मांडलं होतं, की आता बोलल्यावाचून राहवत नाही.

माझी भाची नर्सिंगच्या पदवीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स. कॉलेज आमच्या गावात म्हणून राहायला आमच्याकडे. पहिल्या वर्षी बाकीचे विषय निघाले, बायोकेमिस्ट्री राहिली. ‘विषय राहिला’ हा आपल्याकडचा फार सौम्य शब्दप्रयोग. घरात मात्र त्याचे पडसाद सौम्य नव्हते. तिचे वडील रिक्षा चालवतात. फी पतपेढीचं कर्ज काढून भरलेली. आई फोनवर रडली. एका नातेवाइकानं तर लगेच स्थळही सुचवलं. पोरगी दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन समोर बसली आणि म्हणाली, “मामू, मी म्हणून दाखवते. तुम्ही फक्त पुस्तकात बघा.”

तिनं म्हणायला सुरुवात केली आणि मी थक्क झालो. ग्लुकोजपासून पायरुवेटपर्यंत दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीचं विकर, एकही नाव न चुकता. पण मध्येच मी विचारलं, “हे सगळं शरीरात कशासाठी चाललंय गं?” तर गाडी जागच्या जागी थांबली. पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्यात लहान लहान मुलं अख्खं कुराण मुखोद्गत करतात, वारकऱ्यांच्या घरात अभंग पाठ असतात. पाठ केलेलं वाया जात नाही. पण कवितेत एक ओळ पुढच्या ओळीला हात देते, इथं तसा हातच नव्हता. नुसती नावं एकापुढे एक उभी होती.

मग आम्ही एक पद्धत ठरवली. तिनं वाचायचं आणि मला, म्हणजे काही न कळणाऱ्या माणसाला, मराठीत समजावून सांगायचं. मला कळलं तरच पुढचं पान.

पहिलाच घोळ शब्दांचा. आमच्या घरात ‘पेशी’ म्हणजे कोर्टातली तारीख. जमिनीच्या दाव्याच्या पेश्या करण्यात माझे वडील म्हातारे झाले. उर्दूत शरीरातल्या पेशीला ख़लिया म्हणतात. इंग्रजीतला सेल हा शब्द रॉबर्ट हुकनं १६६५ साली बुचाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वापरला. त्याला त्यात लहान लहान खोल्या दिसल्या. त्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण बूच मेलेलं. जिवंत पेशीची खोली सामानानं भरलेली असते. हे सामान भाचीनं नववी-दहावीत मराठीतून शिकलेलं होतं: केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिका, लयकारिका. लयकारिका म्हणजे पेशीतला टाकाऊ माल विरघळवून टाकणारी पिशवी. केवढा सुंदर शब्द आहे हा! पण तिच्या डोक्यात तंतुकणिका आणि मायटोकॉन्ड्रिया या दोन वेगळ्या कप्प्यांत होत्या. त्या दोघींची ओळख कुणी करूनच दिली नव्हती. आम्ही एका वहीत डावीकडे शाळेचा शब्द आणि उजवीकडे कॉलेजचा, अशी यादी करत गेलो. वही अर्धी भरली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या विषयातलं पुष्कळ तिला आधीपासूनच येत होतं.

मला सगळ्यांत आवडली ती तांबडी रक्तपेशी. तिच्यात केंद्रक नाही आणि तंतुकणिकाही नाहीत. का? तर ती प्राणवायू वाहून नेणारी. तंतुकणिका असत्या तर पाठीवरचा माल तिनं वाटेतच खाल्ला असता! म्हणून ती प्राणवायूला हात न लावता, थोड्याशा ग्लुकोजवर, त्या पहिल्या दहा पायऱ्यांवरच गुजराण करते आणि सुमारे १२० दिवस हमाली करून संपते. मार्केट यार्डात दिवसभर गव्हाची पोती उचलून घरी शिळी भाकरी खाणारा हमाल मी पाहिला आहे. भाचीला म्हटलं, “हे उत्तर तू आता विसरणार नाहीस.” नाहीच विसरली.

काही गोष्टींनी मात्र त्रास दिला. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी किती मिळतात? जुन्या पुस्तकात ३८, नव्या पुस्तकात ३० किंवा ३२. हिशेब नंतर बारकाईनं झाला आणि आकडा खाली आला, हे ठीक. पण पेपर तपासणाऱ्याच्या मनात कोणता आकडा असेल, या धास्तीनं पोरीनं एक संध्याकाळ घालवली. शेवटी नवा आकडा लिहायचा आणि शेजारी कारण लिहायचं, असं ठरलं.

आणि तो टिम हॉल! पी.व्ही.टी. टिम हॉल. आहारातूनच मिळवावी लागणारी अमिनो आम्लं लक्षात ठेवण्यासाठी मुलं हे नाव घोकतात. दहा अक्षरं, दहा अमिनो आम्लं. त्यातलं आर्जिनिन वाढत्या वयातच बाहेरून लागतं, म्हणून मोठ्या माणसासाठी नऊ. हा हॉलसाहेब कोण ते कुणाला ठाऊक नाही, पण आपल्या स्वयंपाकघराला तो न भेटताही ओळखत होता. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, भाकरी-पिठलं हे याच हिशेबात बसतं. मोहरममध्ये आमच्याकडे खिचडा होतो, त्यात गहू, डाळी आणि मटण रात्रभर शिजतं. भाचीनं तो ताटात घेतला आणि अमिनो आम्लं मोजली. माझ्या बहिणीला वाटलं, पोरगी मीठ कमी म्हणते आहे.

रमजानात अभ्यास ऐन जोरात होता. मग उपवासाचा धडा आम्ही रोज्यातच घेतला. सहरीत खाल्लेलं काही तासांत संपतं. मग यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून रक्तात साखर सोडतं. यकृतात हा साठा साधारण १०० ग्रॅमच. स्नायूंत त्याहून कितीतरी जास्त असतो, पण तो ते स्वतःसाठीच ठेवतात. रक्तात साखर सोडायला लागणारं विकर त्यांच्याकडे नसतं. म्हणजे थोरली सून कोठार उघडते आणि धाकटी आपल्या खोलीला कुलूप लावते. आणि उपास फारच लांबला, की चरबी फुटू लागते आणि तिच्यापासून कीटोन तयार होतात.

हे कीटोन नंतर वेगळ्याच ठिकाणी भेटले. वॉर्डमध्ये तिची ड्यूटी असताना पोटात दुखतं, उलट्या होतात म्हणून पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आणला होता. श्वास खोल आणि भरभर. भाची जवळ गेली तर श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास. ती धावत सिस्टरांकडे गेली. सिस्टर अनुभवी, त्यांनी शुगर तपासायला रक्त आधीच पाठवलं होतं. सलाइनची तयारी करता करताच त्यांनी विचारलं, “वास का येतो, सांग.” भाचीनं सांगितलं: इन्शुलिन नाही, म्हणून रक्तात साखर असूनही स्नायूंच्या पेशी उपाशी. म्हणून चरबी फुटते, कीटोन साचतात, रक्त आंबट होतं. त्यांतलं ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. सिस्टर म्हणाल्या, “बरोबर. आता त्याचा श्वास मोज आणि लिहून ठेव.” रात्रभर ती त्या मुलापाशी होती. सकाळी त्यानं पाणी मागितलं, हे मला तिनं घरी येऊन चप्पल काढायच्या आधी सांगितलं. बायोकेमिस्ट्रीचा राहिलेला पेपर तेव्हा तीन आठवड्यांवर होता. तो निघाला.

तंतुकणिकेच्या धड्यात सायटोक्रोम सी नावाचं एक प्रथिन येतं. ते वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे केंब्रिजमध्ये ज्यांनी दाखवलं आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली, त्या कमला सोहोनी म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. बी.एस्सी. झाल्यावर १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. अटींवर का होईना, आत गेल्या. दुर्गाबाई आम्हा मराठीवाल्यांना पाठ्यक्रमात होत्या, कमलाबाई नव्हत्या. भाचीच्या पुस्तकात सायटोक्रोम सी आहे, कमलाबाई तिथंही नाहीत. मी पेन्सिलीनं त्यांचं नाव समासात लिहून दिलं.

हे शिक्षण मातृभाषेतून का नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात एके काळी डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवत. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं निघाली, त्यात बायोकेमिस्ट्रीही आहे. शब्द बहुतेक इंग्रजीच, फक्त देवनागरीत. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. नर्स होऊन उद्या केरळच्या मुलीबरोबर किंवा परदेशात काम करायचं, तर मायटोकॉन्ड्रिया हा शब्द लागणारच. पण तो शब्द समजावणारं वाक्य मराठीत असायला कुणाची हरकत आहे? वर्गात शिक्षकानं पाच मिनिटं मराठीत सांगितलं तर कितीतरी मुलींचे विषय राहणार नाहीत.

आमची ती दोन रकान्यांची वही सध्या घरात नाही. हॉस्टेलवरच्या ज्युनिअर मुलींनी नेली आहे. त्यांचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. भाचीनं आता औषधशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलंय आणि रोज रात्री जेवण झालं की विचारते, “मामू, बसायचं का?”