गुडघ्याचा घसारा
(गेवराई येथील मेळाव्यात केलेले भाषण)



बैल लंगडायला लागला तर आपण काय करतो? मानेवरचे जू उतरवतो, दावणीला बांधतो, बरा होईपर्यंत औताला जुंपत नाही. आता सांगा, घरातल्या बाईचा गुडघा सुजला तर तिच्या हातातले खुरपे कोण काढून घेतो? मेडिकलवरून दोन गोळ्या येतात आणि सकाळी ती पुन्हा कापसात उकिडवी बसते. बैलाइतकी दयासुद्धा आपण आपल्या माणसांवर करत नाही. हे आम्ही आधी स्वतःला सांगतो, मग तुम्हाला.

शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना सरकार अवजारांचा घसारा धरते. घरच्या माणसांची मजुरीही मांडते. पण खुरपणी करून, वाकून कापूस वेचून, ज्वारी उपटून जो गुडघा झिजतो, जी कंबर जाते, तिचा घसारा कोणत्याच तक्त्यात नाही. सरकार तो धरत नाही, म्हणून आपणही धरायचा नाही का?

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की पहिल्यासारखे परत येत नाही, कोणी कितीही महागडे तेल विकू द्या. पण झिजलेला गुडघाही वर्षानुवर्षे साथ देतो. अट एकच, त्याला धरणारी मांडी बळकट पाहिजे. तुम्ही म्हणाल, दिवसभर राबतो, वर व्यायाम कशाला? राबण्याने सांधा शिणतो, मांडी बळकट होईलच असे नाही. म्हणून खाटेवर बसा, एक पाय सरळ करा, दहा अंक मोजेपर्यंत ताठ धरा, मग खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दीड-दोन महिने नेमाने केल्यावर फरक कळतो. गोळीसारखा तासाभरात कळत नाही, म्हणून सोडून देऊ नका. उकिडवे बसणे कमी करा. ओळीतले तण सायकल कोळप्याने उभ्याने निघते. आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरा.

आता सुईबद्दल. आमच्यातल्याच एकाने तीन वर्षे दर बाजाराला जाऊन सुई टोचून घेतली. दुखणे थांबायचे, तो खूश. पुढे तोंड सुजले, साखर वाढली. सुईत स्टेरॉइड होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. गुणकारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते मिसळलेले सापडते. सांध्यात डॉक्टरने तपासून क्वचित दिलेले इंजेक्शन वेगळे आणि आठवड्याची सुई वेगळी. पण बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर एकदम बंदही करू नका, तेही घातक आहे. डॉक्टरला दाखवूनच कमी करा.

दुसरी गोष्ट डायक्लोफेनॅकची. आपल्या शिवारातली गिधाडे कुठे गेली? जनावरांना दिलेले हेच औषध मढ्यातून त्यांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मेली. जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. माणूस गिधाड नव्हे, एका गोळीने मरत नाही. पण रोज उपाशीपोटी, उन्हात, कमी पाण्यावर घेतलेली अशी गोळी पोटात व्रण करते आणि मूत्रपिंडालाही धोका करते. बीपी, साखर असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

पोरांचेही ऐका. कबड्डीत, जत्रेच्या कुस्तीत गुडघा मुरगळला की लगेच चोळणे आणि ओढून बसवणे सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा; बर्फ नसेल तर थंड पाण्याची घडी. पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. 'कट' असा आवाज झाला, काही तासांत गुडघा भरला आणि नंतर चालताना निसटू लागला, तर आतला बंध तुटलेला असू शकतो. आपल्याच जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला. गुडघ्याचा बंध आणि गादी फाटली, शस्त्रक्रिया करावी लागली. ऑलिंपिकच्या धावपटूला जे लपवता आले नाही, ते आपल्या पोराने दात खाऊन लपवू नये.

सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायावर चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. दोन्ही हातांची बोटे सकाळी तासभर आखडत असतील तर ती साधी झीज नसावी, आमवात असू शकतो. त्याचे औषध लवकर सुरू झाले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचवता येतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात आणि संभाजीनगरच्या घाटीत हाडांचा विभाग आहे.

सांधा बदलणे ही शेवटची पायरी. त्यासाठी वावर विकायची घाई करू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. जो साधारण दीड लाखाला मिळे, तो नेहमीच्या धातूचा संच कर सोडून ५४,७२० रुपयांवर आणला. शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राला आधी विचारा.

भावांनो, घरी गेल्यावर एकच करा. आईला, बायकोला विचारा, 'गुडघा कधीपासून दुखतो?' उत्तर ऐकून मान खाली जाईल. जाऊ द्या. पण दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवरचे जू उतरवा.