दूरचित्रवाणीचे स्थित्यंतर आणि प्रेक्षकाचा अधिकार
(भाषणाचा मजकूर)



अ‍ॅनालॉग प्रक्षेपण गेले आणि डिजिटल आले, ही यंत्रज्ञांची बाब. तिच्यावर सभेत बोलण्यासारखे ते काय, अशी शंका आपणांपैकी काहींना आली असेल. परंतु जी गोष्ट सरकार कायदा करून घरोघर बदलते, ती केवळ यंत्रज्ञांची राहत नाही. तिच्यात कोणाचा पैसा जातो, कोणाचा लाभ होतो आणि कोणाचा पडदा काळा पडतो, हे विचारणे नागरिकाचे कर्तव्य ठरते.

मूळ गोष्ट साधी आहे. जुन्या पद्धतीत एक वाहिनी जेवढी जागा अडवीत असे, तेवढ्याच जागेत डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या बसतात. म्हणून जुने प्रक्षेपण बंद केले की आकाशातील लहरींचा मोठा पट्टा मोकळा होतो, आणि तो भ्रमणध्वनीच्या कंपन्यांना विकता येतो. अमेरिकेने 2008 साली अशा पट्ट्याचा लिलाव केला, तेव्हा सुमारे 19 अब्ज डॉलर आले. लहरी जनतेच्या, तेव्हा त्यांच्या विक्रीतून गरिबाच्या घरातील चित्र टिकवावयाचे की नाही, हा खरा प्रश्न होता.

अमेरिकेने जुने प्रक्षेपण थांबविण्यासाठी 17 फेब्रुवारी 2009 ही तारीख कायद्याने ठरविली होती. जुन्या संचाला जोडावयाच्या पेटीसाठी प्रत्येक घराला 40 डॉलरची दोन कुपने देण्याची योजनाही केली होती. पण ऐन वेळी योजनेचा पैसा अपुरा पडला आणि मागणारे रांगेत उभे राहिले. तेव्हा तेथील विधिमंडळाने काय केले? नवा कायदा करून तारीख 12 जून 2009 पर्यंत पुढे ढकलली. ब्रिटनने 2007 साली व्हाइटहेवन या एका गावापासून आरंभ केला, प्रदेशामागून प्रदेश घेत 2012 साली काम पुरे केले, आणि 75 वर्षांवरील वृद्ध, अंध व गंभीर अपंग यांच्यासाठी साहाय्याची वेगळी योजना ठेवली. यातून निघणारे तत्त्व एकच: जुने बंद करण्याचा अधिकार ज्याचा, शेवटच्या घरापर्यंत नवे पोचविण्याची जबाबदारीही त्याचीच.

आता आपल्याकडे पाहू. येथे कायद्याची कुऱ्हाड अँटेनावर नव्हे, तर प्रथम केबलच्या तारेवर पडली. 2011 साली केबल दूरचित्रवाणी कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या टप्प्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई ही महानगरे आली. त्यांची तारीख 31 ऑक्टोबर 2012 ठरली. दुसऱ्या टप्प्यात 38 शहरे, तारीख 31 मार्च 2013; इंदूर, वडोदरा, हैदराबाद ही आपल्या भाषिकांची जुनी वसतिस्थाने त्यातच होती. उरलेली नगरे तिसऱ्या टप्प्यात आणि बाकीचा देश चौथ्यात. न्यायालयीन स्थगिती व मुदतवाढी यांतून वाट काढीत या दोन टप्प्यांच्या अखेरच्या मुदती 2017 साल उजाडेपर्यंत लांबल्या. ज्या पेटीवाचून केबलवर चित्र दिसणार नव्हते, तिचा भार मात्र ग्राहकाच्याच शिरावर राहिला. अमेरिकेसारखे सरकारी कुपन येथे कोणाच्या हाती पडले नाही.

तरीही या स्थित्यंतराने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या तारेवर केबलचालकाचे ग्राहक किती, हे तो सांगेल तेच खरे मानावे लागे. सरकारचा करमणूक कर आणि वाहिन्यांचे उत्पन्न दोन्ही त्यात बुडत. पेटीमुळे खरी मोजणी शक्य झाली. त्याहून मोठी गोष्ट भाषेची. पूर्वी गल्लीभर एकच गाठोडे जाई. गल्लीत बहुसंख्यांना जे हवे, अथवा चालकाच्या मनाला जे येईल, ते सर्वांनी पाहावे. पेटीमुळे प्रत्येक घर वेगळे झाले. शेजाऱ्याने काहीही घ्यावे, आपण मराठी वाहिनी घ्यावी, हे तंत्राने साध्य झाले.

पण तंत्राने साध्य झालेली गोष्ट हक्क म्हणून आपोआप पदरात पडत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2017 साली नियम केले. वाहिन्यांच्या कंपन्या त्यांविरुद्ध न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये प्राधिकरणाचा अधिकार मान्य केला, तेव्हा कोठे 2019 च्या आरंभी प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर होऊन ती सुटी घेण्याचा अधिकार ग्राहकास मिळाला. आणि त्या वेळी काय घडले? असंख्य ग्राहकांनी निवडच केली नाही. मग प्राधिकरणाने 31 मार्च 2019 पर्यंत मुदत वाढवून केबलचालकांस सांगितले की, अशा ग्राहकांसाठी त्यांची पाहण्याची सवय, त्यांची भाषा व वाहिन्यांची लोकप्रियता पाहून तुम्हीच योग्य संच ठरवा. म्हणजे आपण मुके राहिलो, तर आपली भाषा कोणती हे दुसरा ठरविणार! सीमेवरच्या माणसाला याचा अर्थ अधिक फोडून सांगावयास हवा काय?

अँटेनाचीही कथा थोडक्यात सांगतो. दूरदर्शनची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे अलीकडच्या वर्षांत बंद झाली. दरमहा शुल्क न देणाऱ्या घरासाठी आज दूरदर्शनची ‘फ्री डिश’ हाच प्रमुख आधार आहे. तबकडी व पेटी एकदा विकत घेतली की पुढे मासिक देणे नाही. ज्या वृद्धेला तबकडी बसवून देणारे कोणी नाही, तिच्यासाठी मात्र कायद्यात कलम नाही. तिथे शेजारधर्मच उपयोगी पडावयाचा.

तेव्हा माझे मागणे दोन प्रकारचे आहे. सरकारकडे हे, की यापुढे कोणतीही जुनी सेवा बंद करण्याची तारीख ठरविण्याआधी मागे राहणाऱ्या घरांची मोजदाद व्हावी आणि त्यांच्या साहाय्याची तरतूद कायद्यातच असावी. आपणांकडे हे, की घरी गेल्यावर केबलचे बिल काढून वाचा. आपण कोणत्या वाहिन्यांचे पैसे देतो, त्या आपण मागितल्या होत्या काय, आणि आपल्या भाषेची वाहिनी त्यात आहे काय, हे पाहा. नसेल तर चालकाकडे लेखी मागा. मिळालेला हक्क जो बजावीत नाही, त्याच्या नावाने तो दुसराच कोणी बजावतो.